बिनचुडीची बाई

ब्रह्मपुरीची खैरुन कुठी एका जागी टिकली नाई. सासरी नाई, शिवणक्लासात नाई, दुकानात तं नाईच. डोक्यावर चुड्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडे. कोनाच्याबी तोंडावर बोले. पन ज्याले आपलं म्हनलं, त्याच्यासाठी ठाण्यात जाऊन बसाचीबी तयारी.

२००४ मधी तिच्याकडे प्रफुल आला. नागपूरचा पोरगा. जगभरात किती मानसं बळजबरीनं कामाले जुंपली हायेत, हे मोजाचं काम एका परदेशी संस्थेनं काढलं होतं. आकडे दिसले का सरकारं हलतील, असा त्यांचा अंदाज. प्रफुलच्या वाट्याले इथल्या वीटभट्ट्या आल्या. पन हा भट्टीवर गेला का मुकादम बाजूले उभा, अन् मजूर एका सुरात म्हनत, "खुशीनं हावो, साहेब."

"तुले कोन खरं सांगन रे?" खैरुन म्हने. "चुडीवालीले मुकादम हाकलत नाई. मी इचारते."

बाईचा हात मांडीवर घ्याचा, बोटं दाबून चुडी चढवाची, अन् हळूच इचाराचं. घरी जाऊ देते का? मारते का? हात गुंतला का बाई उठत नसे, बोलत राहे. खैरुन सांगे, प्रफुल लिहे. त्यातूनच कुरखेड्याकडून आनलेल्या मजुरांची एक भट्टी उघडी पडली, अन् उन्हाळ्यात सरकारी साहेब पोलीस घेऊन त्यांना सोडवाले आले.

साहेबानं प्रफुलच्या यादीतली नावं वाचली. एकेक जन ट्रकात चढला. मातीच्या ढिगापाशी एक बाई तशीच उभी राह्यली.

"हे सुकरी," ट्रकातून कोनीतरी सांगतलं.

प्रफुलनं कागद उलटेपालटे केले. "चाची, हिचं नावच नाई."

खैरुननं सुकरीचे हात पाह्यले. मोकळे. "नवरा मेला तिचा. चुड्या भराले आलीच नाई. मंग मी तरी कुठी इचारलं!"

"थे मजूर नाई, साहेब," भट्टीमालक म्हने. "घरचीच हाये. चुलीपाशी असते."

"जबाब नाई तं मी हिले कसा नेऊ?" साहेब म्हने. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

खैरुन खाली मातीत बसली. "ये, सुकरी. हात दे."

"मावशी, मले चुड्या चालत नाईत."

"चुड्या नाई भरून राह्यली मी. हात दे."

सुकरी बसली. खैरुननं हात धरला.

"घरी जाऊ देते का हा?"

सुकरीनं मालकाकडे पाह्यलं.

"त्याच्याकडे काय पाह्यतं? त्याले का चुड्या भराच्या हायेत?"

ट्रकातल्या बाया फसकन हासल्या. सुकरी नाई हासली.

"नाई जाऊ देत."

"काऊन?"

"माही पोरगी ठेवली ना त्यानं घरी. भांडे घासाले. मी गेली तं..."

साहेबानं लिहून घेतलं, अंगठा घेतला. ट्रक आधी मालकाच्या घरी गेला. पोरगी राखेच्या हातानंच बाहेर आली अन् मायजवळ चढली. मंग गाडी कुरखेड्याच्या रस्त्याले लागली.

प्रफुल डोकं धरून बसला. "चाची, मोजलेल्या सगळ्या भट्ट्या पुन्हा मोजाव्या लागतीन."

"मंग ऊठ ना! बसून काय राह्यला?"

तवापासून खैरुन भट्टीवर पेटी उतरवते, पन उघडत नाई. आधी चुलीकडे जाते, पानी मागाले.