बशीतली पावली

हॉटेलात बिलासोबत बडीशेप आली, की तिच्या वासानं मला बहात्तरच्या दुष्काळातलं नगरमधलं एक हॉटेल आठवतं. कढईत भजी तडतडत होती आणि मी नव्या साहेबांसमोर सावरून बसलो होतो. ऑर्डर घ्यायला आला तो माझ्या मावसबहिणीचा दीर. आदल्या हिवाळ्यात जामखेडजवळच्या त्याच्या शेतात मी पोटभर हुरडा खाल्ला होता. आता रान करपलं म्हणून तो खांद्यावर फडकं टाकून टेबलं पुसत होता. "काय पाव्हनं, वळखलं न्हाई व्हय?" तो हसून म्हणाला. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "दोन प्लेट भजी आण," एवढंच मी बोललो. निघताना साहेबांच्या देखत बडीशेपेच्या बशीत टिप म्हणून पावली टाकली. तो पायरीपर्यंत मागं आला, ती माझ्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाला, "घरी येऊन माज्या लेकीच्या हातावर ठिवली आसती, तर घेतली आसती." पुढं पाऊस झाला, रानं पिकली. जामखेडची एसटी स्टँडवरून रोज सुटत होती, पण मी कधी तिच्यात बसलो नाही. आता बशीत मी नोट ठेवतो, पण वाढणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा धीर अजून होत नाही.