हात लावून तपासा

“कौन से मोहल्ले की है?” गोंदियातल्या डॉक्टरनं विचारलं.

सौंदडच्या बौद्ध मोहल्ल्यातली, मी सांगितलं. त्यानं खुर्ची मागं सरकवली. संडासातून रक्त जातं, एवढं मी कसंबसं बोलले. तर तो बाहेरच्या बाकावरच्यांनाही ऐकू जाईल असा हसला. “मिर्ची कम खाओ तुम लोग. बवासीर है.” हात लावला नाही. पोट दाबलं नाही. गोळ्या लिहिल्या आणि पुढच्याला हाक मारली.

मी मान खाली घालून उठले. चिखलात धानाची रोवणी करणारी बाई मी, वाकायची सवयच.

दारात बाबा आठवले. त्यांनाही असंच मूळव्याध सांगितलं होतं. तेव्हा घरी संडास नव्हता. पहाटेच्या अंधारात शेताकडं जायचं, मातीत काय पडलं ते कोण बघणार? रक्त दिसलं तोवर बाबांची नुसती हाडं उरली होती. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. फार उशीर केलात, डॉक्टर म्हणाले. उशीर आम्ही केला म्हणे! आता माझ्या घरी संडास आहे. पांढऱ्या भांड्यातलं लाल रक्त मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि हा मला मिरची सांगत होता.

डोकं फिरलं. परत गेले, खुर्चीत बसले.

“हात लावून तपासा. माहा बाप असाच मेला. तपासल्याबिगर मी उठत नाही.”

“बाहर निकल!”

“नाही निघत. बोलवा कोणाले बोलवाचं हाये त्याले.”

बाकावरचे लोक दारात गोळा झाले. तेव्हा कुठं त्यानं नर्सला बोलावलं, पडदा ओढला, हातमोजा घातला. बोटाला गाठ लागली. त्याचं तोंड उतरलं. माफी मात्र मागितली नाही.

मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घातली, तुकडा तपासला. कॅन्सरच. पण पसरला नव्हता. ऑपरेशन झालं, मी वाचले. भावालाही तपासायला ओढत नेलं. त्याच्या आतड्यात वाढलेला मांसाचा कोंब दुर्बिणीतूनच काढला, कॅन्सर व्हायच्या आधी.

यंदा पुन्हा रोवणीला उतरले. गाणं थांबलं की ओळीतल्या बायांना मोठ्यानं विचारते, “कोणाले रक्त जाते का वो?” बाया लाजतात. लाजू देत. आज शेजारची शेवंता हळूच म्हणाली, “मले जाते. गोंदियाचा तोच डॉक्टर म्हणते, मूळव्याध हाये.”

“हात लावला का त्यानं?”

“नाही.”

उद्या तिला घेऊन त्याच दवाखान्यात जाते आहे. बाहेरचा बाक भरलेला असेल अशाच वेळी. त्याच खुर्चीत तिला बसवीन, मी दारात उभी राहीन. शेवंताला तपासल्याशिवाय आम्ही दोघी तिथून हलणार नाही.