काजाचा टॅग

शिवणकामाच्या प्रश्नोत्तरांची एक वेबसाइट आहे. बाही का ओढली जाते, असं कुणी विचारतं. ज्याला ठाऊक तो सांगतो. प्रश्नाला टॅग लावला की त्या टॅगवर नजर ठेवून बसलेल्यांच्या मोबाइलवर तो टिंगकन जाऊन पडतो. हे टॅग सांभाळायचं बिनपगारी काम आमच्या शेजारणीकडे. एरवी ती गणवेशाच्या कारखान्यात कापड कापते, म्हणून वेबसाइटवर सगळे तिला ‘कात्री’च म्हणतात. ‘तातडीचं’, ‘मदत करा’, ‘प्लीज’ असले टॅग दिसले की ती उडवते. म्हणते, “प्लीजवरून कुणाला काय कळणार, कपाळ?”

एका रविवारी तिची नजर ‘काज’वर गेली. प्रश्न मोजकेच. बटणाशिवाय काज हवंय कुणाला, म्हणत तिने तो ‘बटण’मध्ये मिसळून टाकला.

पुढच्या आठवड्यात तिचे सासरे घुम्यासारखे बसू लागले. जन्मभर शिंप्याच्या दुकानात हाताने काजं केलेला माणूस. एका सकाळी त्यांनी मोबाइल मुलापुढे ढकलला. “हा बिघडलाय रे. नको ते दाखवतोय.”

“धडधाकट आहे, अण्णा. सगळे बटणाचेच प्रश्न आहेत.”

“तेच म्हणतोय. तुटलं, हरवलं, रंग जुळत नाही. माझं गिऱ्हाईक कुठंय यात?”

घड्या घालणारी कात्री थांबली. “अण्णा, काजावर तुम्ही होतात?”

“मग ‘पांढरी दाढी’ कोण वाटला तुला?”

काजाच्या प्रश्नांना या नावाने उत्तरं देणाऱ्याला ती आजवर कुठल्या तरी परगावचा टेलर-मास्तर समजून होती.

“आजच वेगळा करते परत.”

“माझा वेळ जावा म्हणून? मग नको. मी काय तुझ्याकडे पेन्शन मागतोय?”

हे तिला लागलं, पण पटलंही. सासऱ्यांसाठी टॅग ठेवायचा नाही, मग कशासाठी? तिने त्या आठवड्याचे प्रश्न उघडले. एकीच्या विणलेल्या जाकिटाचं काज सैल पडून फाकलं होतं. खाली उत्तर : मोठं बटण लावा. दुसऱ्याच्या काजाचे धागे सुटत होते. उत्तर : बटण बदला. भोकाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. टॅगखाली प्रश्न किती, एवढंच तिने पाहिलं होतं. उत्तर द्यायला तिथे कोण बसलंय, हे बघायचं राहूनच गेलं होतं.

तिने टॅग सांभाळणाऱ्या बाकीच्यांना कळवलं, चूक माझी, काज वेगळंच हवं. एकाने चिमटा काढला, “एवढ्याशा भोकाला स्वतंत्र घर?”

“दुखणं भोकाचंच आहे,” तिने लिहिलं.

मिसळलेलं आपोआप सुटेना. एकेक प्रश्न हाताने वेचायचा. कात्री वाचायची, अण्णा निवाडा द्यायचे. “हा बटणाचा, दे त्यांना.” स्वतः उत्तर दिलेलेही दोन-चार त्यांनी खुशाल देऊन टाकले.

मग जाकीट आलं. “आणि हा?”

अण्णांनी फोटो बोटांनी ताणून मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवून जवळ धरला.

“हा माझा. त्या बाईला आधी विचार, काज आडवं पाडलंय की उभं.”