गच्चीच्या भोकाला बोळा

चहा घ्या. पण कप हातात धरून ऐकू नका, खाली ठेवा. मागे हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि माझ्या मूर्खपणापायी मला कोणाला दवाखान्यात न्यायचं नाही.

तर मी संदीप सावंत. मूळचा राजापूरचा, सध्या सौदीत, जुबैलला. प्लॅनिंग इंजिनिअर. म्हणजे दुसऱ्यांची कामं कधी संपणार ते लिहायचं, आणि संपली नाहीत की नवी तारीख लिहायची. आमची बिल्डिंग दोन मजल्यांची, वरच्या मजल्यावर दोनच घरं. एक माझं आणि समोरचं बिराजदारचं.

हा बिराजदार सोलापूरचा. क्यूसी इन्स्पेक्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणारा. माणूस वाईट नाही हो, तेच तर दुःख आहे! वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण हा गाडी स्वतः धुतो, भाकरी स्वतः थापतो, बायकोच्या मैत्रिणींच्या मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवतो. माझ्या घरात दिवसातून चार वेळा ‘बिराजदार भाऊजी’ ऐकू यायचं. माझ्या आईचंसुद्धा नाव एवढ्या वेळा निघत नाही.

जळायचो मी. उघड सांगतो, चार वर्षं मी त्या माणसावर जळत होतो. त्याच्या दारातली चप्पलसुद्धा सरळ लावलेली दिसली की माझं पित्त खवळायचं.

यंदा जानेवारीत वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे ठेवलं. दर वर्षी ते सुनंदावहिनींकडे, बिराजदारच्या बायकोकडे व्हायचं. या वेळी वैशालीने हट्टाने मागून घेतलं होतं. शुक्रवारी दुपारी चार वाजता पंचवीस बायका यायच्या होत्या. नवे पडदे, तिळगूळ, वाणाला गावाहून मागवलेले स्टीलचे डबे आणि हॉलभर नवाकोरा गालिचा. “एकदाच आपल्याकडे होतंय अहो, काही घोळ घालू नका,” असं तिने मला महिनाभर आधीपासून बजावलं होतं.

आणि बुधवारी मोबाइलवर इशारा वाजला. शुक्रवारी सकाळी वादळी पाऊस!

सौदीत कसला पाऊस, असं म्हणू नका. थंडीत येतो. चार-पाच वेळाच येतो, पण आला की वर्षाची थकबाकी वसूल करतो. आधी वाळू, मग आडवा पाऊस. इथे घर बांधणाऱ्याच्या डोक्यात पाऊस नसतोच, त्यामुळे खिडकीच्या फटीतून, एसीच्या भोकातून, जिथून जमेल तिथून पाणी आत येतं.

बिराजदारने त्याच संध्याकाळी फटी बुजवायची सिलिकॉनची गन आणली.

“बघा,” वैशाली म्हणाली, “भाऊजींनी सगळ्या खिडक्या बुजवल्या. आपल्याही करून देतो म्हणाले.”

“काही गरज नाही! वैशाली, मी राजापूरचा आहे. आमच्या बाजारपेठेत दर वर्षी पाणी भरतं. आणि हा सोलापूरचा! यांच्याकडे पाऊस आला की लोक बघायला बाहेर येतात. हा मला पाऊस शिकवणार?”

“शिकवत नाहीयेत हो. खिडकी बुजवून देतायत.”

“मी बांधतो ना! आमच्याकडे पडवीला झापं बांधतात, तसं बांधतो.”

नारळाची झापं जुबैलला कुठून आणणार? निळी ताडपत्री आणली, दोरी आणली, आणि हॉलच्या खिडक्यांवर बाहेरून अशी आवळली की आत दिवसाढवळ्या दिवे लावायला लागले. फोटो काढून इथल्या ‘मराठी परिवार’ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. किती अंगठे आले? एक. तोही बिराजदारचा!

दहा मिनिटांनी त्याने आपल्या खिडकीचा फोटो टाकला. तेवीस अंगठे. वर दोन बायकांनी विचारलं, “भाऊजी, आमच्याकडे कधी येता?” मी ते तेवीस अंगठे दोनदा मोजले. त्यात एक वैशालीचा होता.

गुरुवारी ड्यूटीवरून आलो आणि ताडपत्रीची दोरी कठड्याला बांधायला गच्चीवर गेलो. बघतो तर बिराजदार! माझ्या बाजूच्या कठड्यापाशी उकिडवा बसून, हातात थापी घेऊन, काहीतरी उकरतोय.

“काय करताय?” मी विचारलं.

“काय नाही ओ. हे भोक वाळूनं बुजलं होतं, मोकळं केलं. आता पाणी पाइपातनं सरळ खाली जातंय बघा.”

कठड्याच्या बुडाशी नारळ जाईल एवढं भोक. मी वाकून खाली बघितलं. त्या भोकाचा पाइप कोणाच्या भिंतीवरून उतरत होता? माझ्या! माझ्या बेडरूमच्या खिडकीला अगदी खेटून. मग मुद्दाम त्याच्या बाजूला जाऊन बघितलं. तिथे पाइप नाही, भोक नाही, काही नाही.

मला सगळं कळलं. सगळ्या गच्चीचं पाणी हा माझ्या अंगावर सोडतोय! माझं घर भिजणार, याचं कोरडं राहणार, आणि हळदीकुंकू परत सुनंदावहिनींकडे! एवढं गोड बोलणारा माणूस आतून काहीतरी शिजवत असणार, हा माझा चार वर्षांचा संशय होता.

आता माझीही बाजू ऐका. आमचं गावचं घर कौलारू. पाणी पडलं की उताराने आपलं आपण जातं, त्याला कोणी वाट करून द्यावी लागत नाही. छपराला भोक म्हणजे गळती आणि गळती दिसली की बुजवायची, हे मी अर्ध्या चड्डीत असल्यापासून शिकलो. सपाट गच्चीखाली मी फक्त भाड्याने राहिलो होतो. तिच्याबद्दल कधी विचार केला नव्हता.

बिराजदार खाली गेल्यावर मी गुपचूप घरी आलो. सिंकखालचं फरशी पुसायचं फडकं घेतलं, तांदळाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलं, वर जाऊन भोकात कोंबलं आणि थापीच्या दांड्याने ठोकून ठोकून बसवलं. थापीही बिराजदारचीच, तिथेच विसरला होता. त्या दिवशी मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

शुक्रवारी नऊ वाजता आभाळ पिवळं झालं. वाळू आली, मागून पाऊस आला. माझी ताडपत्री पाचव्या मिनिटाला सुटली आणि बहारीनच्या दिशेने निघून गेली. जाऊ दे! मला तिचं काही नव्हतं. मी बेडरूमच्या खिडकीतून पाइप बघत होतो. बाहेर धो धो पाऊस आणि पाइपाच्या तोंडातून थेंब नाही. ठणठणीत कोरडा! मनात म्हटलं, सोड आता पाणी, बिराजदार. सोड ना!

एवढ्यात आमची दहा वर्षांची ईशा दारात आली. “बाबा, इट्स रेनिंग इन द हॉल.”

“खिडकी बंद कर.”

“विंडो बंद है, बाबा. फॅन से आ रहा है.”

धावत हॉलमध्ये गेलो. पंख्यातून धार, दिव्यातून धार, एसीच्या भोकातून धार. खाली नवाकोरा गालिचा. आणि मधोमध तिळगुळाचं ताट डोक्यावर धरून वैशाली.

“अहो!” एवढंच म्हणाली, आणि दार उघडून समोरची बेल दाबली. अशा वेळी माझ्या बायकोला कोण आठवतं, बघा! त्या पुरातही माझ्या पोटात दुखलं.

बिराजदार थ्री-फोर्थवर पळत आला. “मेन स्विच बंद करा आधी!” म्हणाला आणि मी शोधेपर्यंत त्यानेच बंद केला. मग तो वर, मी मागे. गच्चीचं दार उघडलं तर तळं! त्याच्या बाजूला पाऊल ओलं होईल एवढं पाणी, माझ्या बाजूला पोटरीपर्यंत. का, माहितीये? कारण गच्ची बांधतानाच त्या भोकाकडे उतार दिला होता. उतार होताच हो! फक्त मला कौलं घातल्याशिवाय दिसत नव्हता.

बिराजदार खांद्यापर्यंत हात घालून चाचपडत होता. “आयला, कुणीतरी बुजवलंय ओ हे! काल मोकळं केलतं मी!”

“कोणी बुजवलं असेल?” मी म्हणालो. खरंच, याच तोंडाने म्हणालो.

“हारिसनं तर नाही?” हारिस म्हणजे आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, बिचारा गरीब माणूस.

“विचारायला पाहिजे,” मी म्हणालो. नरकात जागा नक्की झाली माझी.

त्याने जोर लावून ओढलं. पिशवी फाटली, बोळा बाहेर आला, आणि पाणी घडाघडा पाइपात पळालं. बिराजदारने तो बोळा पिळला, झटकला आणि दोन्ही हातांनी पसरला. मंडळाच्या क्रिकेट टीमची जर्सी. पाठीवर ठसठशीत छापलेलं: सावंत. खाली सात नंबर. फाटली म्हणून वैशालीने तिचं फडकं केलं होतं, आणि मी घाईत बघितलंच नव्हतं.

त्याने नाव वाचलं. माझ्याकडे बघितलं. परत वाचलं, इन्स्पेक्टर ना शेवटी! मागे दारात बादली घेऊन वैशाली उभी होती.

“मला वाटलं, तुम्ही सगळं पाणी माझ्या घरावर सोडताय,” मी पुटपुटलो.

“ओ सावंत,” तो अगदी शांतपणे म्हणाला, “पाणी पाइपाच्या आत असतंय की.”

वैशाली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली आली, सोफ्याच्या कोरड्या टोकावर बसली आणि रडायला लागली. “तीन वर्षं लोकाच्या घरी जाऊन कुंकू लावून घेतलं. एकदा माझ्या घरी चार बायका याव्यात, एवढंच मागितलं होतं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटाने बिराजदारची बेल दाबली.

“वहिनी, आज हळदीकुंकू तुमच्याकडे होईल का?”

“आमचं कशाला?” सुनंदावहिनी म्हणाल्या. “हळदीकुंकू वैशालीचंच. खोली फक्त आमची.”

दुपारभर मी आणि बिराजदार पडदे, डबे, ताटं इकडून तिकडे वाहत होतो. चार वाजता बायका आल्या आणि आम्हा दोघांना जिन्यात हाकललं. पायरीवर चहा पीत बसलो. आत उखाणे सुरू झाले. शेवटी यजमानीणबाईंचा नंबर आला आणि वैशालीचा खणखणीत आवाज दाराबाहेर आला:

“कोकणातला पाऊस पाहिला, वाळवंटातलाही पाहिला,
संदीपरावांच्या हुशारीने हॉलमध्ये धबधबा वाहिला!”

आत जो हशा उठला! “परत, परत!” करून बायकांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतला. तिसऱ्या वेळी वैशालीच सगळ्यांत मोठ्याने हसत होती. कोणीतरी रेकॉर्ड केलं, आणि माझा चहा संपायच्या आत ते ग्रुपवर आलं. अंगठे? मोजायचं सोडून दिलं मी.

बिराजदारने मात्र हसणं थांबवून कप पायरीवर ठेवला. “नशीबवान आहात, सावंत. सोळा वर्षं झाली लग्नाला, सुनंदा दर संक्रांतीला तोच तो चांदीच्या ताटाचा उखाणा घेते. माझ्या नावावर आजवर कुणी साधी टाळी वाजवली नाही ओ.”

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. खोटं नाही सांगत, माणूस जळत होता! माझ्यावर! चार वर्षं मी या क्षणासाठी तडफडलो, आणि त्यासाठी मला करावं काय लागलं? फक्त स्वतःचं घर बुडवावं लागलं.