जोळ म्हणजे काय?

खारबंधाऱ्याच्या कचेरीतला तो कारकून भेटेल त्याला एकच विचारायचा, "जोळ म्हणजे काय हो?" बंधारा सरकारकडे गेल्यापासून हा शब्द गावात कुणी उच्चारला नव्हता. "जुळण्यातून आला असेल, नाही?" असं स्वतःच सुचवायचा, आणि काहीही सांगितलं तरी "बरं, असं म्हणता," म्हणून पुढच्या दारात पुन्हा तेच विचारायचा.

माझ्या चुलत्यांनी एकदा सांगून टाकलं, "बांधाला खांड पडली का घरटी एक मानूस पावडा घेऊन धावायचा, त्याला जोळ म्हनत. आता बांध सरकारचा हाय, भाऊसाहेब. जोळ न्हाय."

मला त्याचा संशय यायचा. कचेरीचा माणूस, पण बंधाऱ्यावर चालताना वहाणा हातात घ्यायचा, थेट आमच्यासारखा.

श्रावणातल्या उधाणाला भरदुपारी खांड पडली. खारं पाणी भातात शिरू लागलं, आणि आम्ही कचेरीच्या मजुरांची वाट बघत उभे. तेव्हा तो बंधाऱ्यावर चढला आणि तोंडाशी हात धरून त्यानं हाळी दिली, "जोळ हो, जोळ!" सूर हुबेहूब माझ्या आज्याचा. म्हातारेसुद्धा टोपल्या घेऊन धावले. ओहोटी लागताच चिखलाच्या ढेपा टाकून आम्ही खांड बुजवली.

पाय धुताना मी त्याला विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"जोळ आहे म्हणजे अजून," तो एवढंच म्हणाला.

पुढच्या उधाणाला आम्ही घरटी एक जण आधीच बंधाऱ्यावर होतो. कचेरीचे मजूर आलेच नाहीत. कचेरीतून तो तेवढा आला, वहाणा हातात घेऊन.