बापूंनी जुनी म्हटलेली गोटी

मी शाळेत इतिहास शिकवतो, आणि त्या दिवशी तो माझ्याच हातून फुटला. उचगावात आमच्या नात्यातल्या बापूंच्या सोप्यात बसून मी मातीची एक गोटी उजेडाला धरून, जाणकारासारखी मान हलवत बघत होतो. ती निसटली, फरशीवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले.

बापूंनी जन्मभर फौंड्रीत साचे केले. निवृत्त झाल्यावर त्यांना जुन्या गोट्यांचा नाद लागला. पार वारणानगरपासून लोक शेतात, पाया खणताना सापडलेल्या गोट्या घेऊन यायचे. बापू गोटी परातीत सोडायचे. हातानं वळलेली असली तर ती सरळ धावत नाही, डुलत जाते. मग जिभेला लावायचे. जुनी माती जीभ धरते, असं त्यांचं म्हणणं. "आदी जिबंला इचारायचं, मग किंमत," हे ठरलेलं वाक्य. एका गृहस्थांची गोटी त्यांनी चाखली आणि परत दिली. म्हणाले, "पावणं, ही परवाच्या जत्रंतली हाय. नातवाला खेळाय द्या."

फुटलेली गोटी मात्र शेजारच्या अक्काताईंची होती. त्यांचे यजमान सायकली दुरुस्त करायचे. ते गेल्यावर ट्रंकेत अशा बारा गोट्या निघाल्या. एवढी जड माती आता मिळत नाही, लई जुन्या आहेत, असं बापूंनी सांगितलं होतं. त्या शब्दावर पुण्याचा एक संग्राहक दुसऱ्या दिवशी त्या विकत न्यायला येणार होता, आणि अक्काताईंनी गळक्या छपरासाठी पत्रे सांगून ठेवले होते.

तुकड्यांमध्ये सायकलच्या चाकातला पोलादी छर्रा चमकत होता. सायकलवाल्याच्या ट्रंकेतल्या गोटीत दुसरं काय निघणार? पण हे इतिहासवाल्यालाही सुचलं नव्हतं.

बापू उठून आत गेले. मग जुन्या स्पीकरचं चुंबक आणून त्यांनी उरलेल्या गोट्यांजवळ धरलं. अकराच्या अकरा गडगडत त्याच्याकडे गेल्या. मी हळूच म्हणालो, डिंकानं जोडू, पुण्याच्या माणसाला काय कळतंय. बापूंनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि ते चपला शोधू लागले.

अक्काताईंच्या उंबऱ्यात ते उभेच राहिले. "अक्का, मी चुकलो. जीभ नको म्हनत हुती, मी वजनाला भुललो. ह्या जुन्या न्हाईत."

अक्काताईंनी छर्रा बोटांत फिरवला. "ह्यांचंच काम हे. शाळंत असताना केल्या असतील." मग वर छपराकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे पत्रं ऱ्हायलं की आता."

बापू तसेच मागे फिरले. त्यानंतर कुणी गोटी घेऊन आलं की ते दारातूनच सांगायचे, "मला कळत न्हाय." परात स्वयंपाकघरात परत गेली.

गेल्या हिवाळ्यात बापू वारले. तेराव्याहून परतताना मी ही हकीकत बायकोला पहिल्यांदाच सांगितली, डिंकासकट. ती मग म्हणाली, "बापू त्याच दिवशी उंबऱ्यात उभं राहून चूक सांगून आले. तुम्ही डिंकाचं सांगायला त्यांच्या तेराव्यापर्यंत थांबलात."