सुजाताने दिलेल्या दोनच परवानग्या

"अख्खा सर्व्हर पुसला गेला! या प्रोग्रॅमला रूट कुणी दिलं?" — दळवीसाहेब असे ओरडले, की विक्रोळीच्या खाडीतले बगळे उडून थेट ठाण्याला पोचले असतील.

यापुढचं मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मी! ज्याच्या थापा पानवालाही उधारीवर ऐकतो. डाव्या हाताने कर्नल हलवतो, अशी माझी ख्याती — मीच पसरवलेली.

कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. त्यात नेटवर्कचा प्रोग्रॅम चढवायला खास परवानग्या लागतात. सुजाता नुकतीच लागलेली, प्रोबेशनवरची. तिने आपल्या प्रोग्रॅमला मोजून दोनच दिल्या होत्या — एक चढवायची, एक नेटवर्कला हात लावायची. बाकी सगळी दारं बंद.

डेमोच्या सकाळी मी त्यात माझं एक फीचर घुसवलं. स्क्रीनवर आलं — परवानगी नाही. आणखी कुठली हवी, ते वाचायला काय धाड भरली होती? पण "दोन मिनिटांत करतो" असं कॅन्टीनमध्ये फेकून बसलो होतो ना. दिलं पूर्ण रूट, म्हणजे होत्या नव्हत्या त्या सगळ्या परवानग्या. एका खोलीची किल्ली मागणाऱ्याला अख्ख्या बिल्डिंगचा जुडगा!

सुजाताच्या कोडमध्ये एक चूक होतीच. जुन्या फाइली पुसणारी ओळ भलत्याच फोल्डरवर जात होती. दोन परवानग्यांत ती जागच्या जागी अडली असती. रूट मिळालं, आणि ती सगळं चाटून पुसून गेली — मी काय बदललं, त्याची नोंदसुद्धा.

पासवर्ड आम्हा दोघांकडेच. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे. आणि मी? चहात बुडालेलं बिस्किट शोधत म्हणालो, "नवीन आहे, सर. होतं असं."

शी! गप्प बसलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण मला वर मोठेपणाही हवा होता.

तिला काढलं. त्याच संध्याकाळी कॅन्टीनमध्ये मी तिची नक्कल करून टेबलं हसवली. स्वतःचं ते हसणं आठवलं की आजही तोंड धुवावंसं वाटतं.

परवा नाहूरच्या बाजारात ती भेंडी निवडताना दिसली. तिथेच सगळं ओकलो. ती एकेका भेंडीचं टोक मोडून बघत राहिली.

"मला माहीत होतं रे," ती म्हणाली. "दळवीसाहेबांना माहीत नव्हतं."